बायबलांतील देवाचें बिऱ्हाड

पुण्याच्या लष्कर भागांत लाल विटांचें, उंच मनोऱ्याचें एक यहुदी प्रार्थनामंदिर आहे. डेव्हिड ससून यांनीं १८६३ सालीं त्याचें काम सुरू केलें आणि १८६७ सालीं तें पुरें झालें. मधल्या काळांत, १८६४ सालीं, ससून स्वतः पुण्यास वारले व त्याच आवारांत त्यांची समाधि बांधण्यांत आली. आसपासचे लोक ह्या इमारतीला ‘लाल देऊळ’ म्हणतात. तिचें हिब्रू नांव मात्र ‘ओहेल दावीद’ असें आहे, आणि ‘ओहेल’ म्हणजे तंबू. नांवांतला ‘दावीद’ दात्याच्या नांवाशीं जुळतो हें उघड आहे. पण एवढ्या भक्कम इमारतीला घर किंवा मंदिर न म्हणतां तंबू कां म्हणावें, असा प्रश्न जिज्ञासूला पडल्यावांचून राहत नाहीं. त्याचें उत्तर बायबलाच्या जुन्या भागांत आहे, आणि तें शोधूं लागलें म्हणजे त्या ग्रंथांतील एक मुख्य सूत्रच हातीं लागतें.

बायबल आपल्याकडे जे वाचतात ते बहुधा श्रद्धेनें वाचतात किंवा खंडनाच्या हेतूनें वाचतात. कथा, रचना आणि शब्द ह्या दृष्टीनें त्याकडे पाहणारा मराठी वाचक विरळा. वास्तविक ही कथा आपल्या भाषेंत येऊन चार शतकें झालीं. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ गोमंतकांत १६१६ सालीं छापलें गेलें, आणि त्यांत बायबलाच्या दोन्ही भागांची कथा ओवीबद्ध केलेली आहे. तरीही त्या ग्रंथाची चर्चा आपल्यांत बहुशः मतांचीच होते. प्रस्तुत लेखांत मतांचा प्रश्न बाजूस ठेवून एकाच धाग्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो धागा असा: ह्या ग्रंथांतील देवाला माणसांत राहावयाचें आहे. भक्तासाठीं तिष्ठणारा देव मराठी वाचकाच्या ओळखीचा असल्यामुळें त्याला ही कल्पना परकी वाटणार नाहीं. आणि म्हणूनच घाईघाईनें साम्य जुळविण्याचा मोह टाळला पाहिजे. येथें ही ओढ पुरी होण्याच्या आड ज्या अडचणी येतात त्यांत माणसानें देवासाठीं बांधलेलें देऊळ हीच एक मोठी अडचण ठरते. हें विधान कांहीं वाचकांस धाडसाचें वाटेल. परंतु ग्रंथाचा कल आमच्या समजुतीप्रमाणें असाच आहे.

आरंभ बागेंत होतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या प्रकरणांत दिवस कलतांना देव बागेंत फिरावयास येतो, आणि माणूस झाडांआड लपल्यामुळें तो कोठें आहे म्हणून विचारतो. सर्वज्ञाला असा प्रश्न कां पडावा, ह्यावर टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांला त्यांत तत्त्वज्ञानापेक्षां शेजाऱ्याचा सूर ऐकूं येतो. नेहमींच्या वेळीं बोलावयास यावें आणि दार लावलेलें दिसावें, तसा. पुढें माणसाला बागेबाहेर काढण्यांत येतें आणि बागेच्या पूर्वेस करूब पहाऱ्यावर बसतात. हा तपशील विसरतां कामा नये. कारण मोशेनें उभारलेल्या मंडपाचें दार पूर्वेकडेच उघडतें, आणि त्याच्या आंतल्या पडद्यावर ह्याच करूबांच्या आकृति विणलेल्या आहेत. बाग गेली, पण तिच्या वाटेची खूण राहिली.

तो मंडप ‘निर्गम’ ह्या पुस्तकांत येतो. त्या पुस्तकाचीं प्रकरणें ४०. मिसर देशांतील दास्य, दहा पीडा, समुद्राचें दुभंगणें, सीनाय पर्वतावरील आज्ञा, असा सारा थरार पहिल्या २४ प्रकरणांत आटोपतो. त्यानंतर वाचकाचा उत्साह मावळूं लागतो. २५ पासून ३१ पर्यंत सात प्रकरणें देव मोशेला एका तंबूचें वर्णन सांगत बसतो. आणि ३५ पासून ४० पर्यंत सहा प्रकरणें लोक तोच तंबू तयार करतात. दुसऱ्या खेपेस पडदे, कड्या, आंकडे, बैठका, खुंट्या, सारें जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हां येतें. विश्वाच्या उत्पत्तीला ज्या ग्रंथानें दोन प्रकरणें पुरेशीं मानलीं त्यानें एका तंबूला तेरा द्यावीं! मुलांकरितां लिहिलेल्या बायबलच्या गोष्टींत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकलेला असतो, आणि मोठीं माणसेंही येथें पानें उलटून पुढें जातात. आम्हींही पहिल्या वाचनांत तेंच केलें.

पण मधल्या तीन प्रकरणांत काय घडतें तें पाहावें. पर्वतावर मोशे तंबूसाठीं लागणाऱ्या सोन्याचें वर्णन ऐकत असतांना खालीं लोक आपल्या कानांतलीं सोन्याचीं कुंडलें काढून अहरोनापाशीं देतात आणि त्यांचें वासरूं ओतलें जातें. देव राहावयास येण्याची तयारी सांगत आहे, आणि ज्यांच्याकडे यावयाचें त्यांनीं तेवढ्यांत दुसरा पाहुणा आणून बसविला! ह्यानंतर देव जें बोलतो तें फार सूक्ष्म आहे. वचन दिलेल्या देशांत जा, असें तो सांगतो; वाट दाखवावयास दूत देतो; शत्रूंस हांकून देण्याचें कबूल करतो. फक्त तो स्वतः त्यांच्यामध्यें राहून जाणार नाहीं, कारण अशा हट्टी लोकांच्या संगतींत वाटेंतच आपल्या हातून त्यांचा नाश होईल असें त्याला वाटतें. म्हणजे दान कायम आहे, बंदोबस्त कायम आहे. देणारा तेवढा बरोबर नाहीं. व्यवहारी मनुष्यानें हा सौदा आनंदानें पत्करला असता. लोक मात्र हें ऐकून शोक करतात आणि अंगावरचे दागिने उतरवितात. आणि मोशे साफ सांगतो कीं तूं येणार नसशील तर आम्हांला ह्या अरण्यांतून पुढें नेऊंच नकोस. शेवटीं देव आपला शब्द मागें घेतो.

आतां ३५ वें प्रकरण उघडावें. तीच यादी, त्याच कड्या, तेच आंकडे. परंतु कंटाळा कोठें गेला तें कळत नाहीं. मोडलेला संसार पुन्हां मांडतांना माणसें एकेक भांडें हातांत घेऊन पाहतात, तसा प्रत्येक वस्तूचा उल्लेख येतो. अपराधापूर्वीं ठरलेल्या बेतांतून अपराधानंतर एक खुंटीही कमी झाली नाहीं, हें लेखकाला सांगावयाचें आहे, आणि तो तें विधानानें न सांगतां यादीनें सांगतो. क्षमा हा शब्दही न उच्चारतां क्षमेचें असें वर्णन आमच्या वाचनांत दुसरें आलेलें नाहीं. ज्यांना ही पुनरुक्ति संपादकाच्या गबाळेपणाची वाटते त्यांच्याशीं आमचें मत जुळत नाहीं.

सामानाचीही गंमत आहे. सोनें, रुपें, जांभळें सूत हें तर आहेच. पण सांगाडा ज्या लांकडाचा करावयाचा तें मराठी भाषांतराप्रमाणें बाभळीचें लांकूड होय, म्हणजे त्या रुक्ष मुलुखांत उगवणारें कांटेरी झाड. कनातीचें कापड बकऱ्यांच्या केसांचें. तें बायकांनीं कातलें. हातपाय धुण्याचें पितळी गंगाळ मंडपाच्या दारीं सेवा करणाऱ्या स्त्रियांनीं दिलेल्या आरशांचें केलें, असा एक उल्लेख जातां जातां येतो आणि त्यावर लेखक अधिक एक अक्षर बोलत नाहीं. ज्याला जें द्यावेंसें वाटेल तें त्यानें आणावें असा हुकूम होता. लोक इतकें आणूं लागले कीं शेवटीं ‘आतां पुरे’ अशी दवंडी मोशेला पिटवावी लागली. देवस्थानच्या वर्गणीच्या इतिहासांत ही दवंडी अपूर्वच म्हटली पाहिजे.

ह्या सर्व खटाटोपाचा हेतु पंचविसाव्या प्रकरणाच्या आरंभींच एका वाक्यांत दिला आहे, आणि त्या वाक्याच्या व्याकरणाकडे यहुदी टीकाकारांनीं पूर्वींच लक्ष वेधलें आहे. लोकांनीं देवासाठीं पवित्रस्थान करावें, म्हणजे देव राहील; कोठें? ‘त्या स्थानांत’ असें वाक्य संपेल अशी आपली अपेक्षा असते. तें संपतें ‘त्या लोकांमध्यें’ असें. तंबू हें निमित्त, मुक्काम माणसांत. राहणें ह्या अर्थाचें जें क्रियापद येथें आहे तें ‘शाखन’, आणि त्यावरूनच मंडपाचें नांव ‘मिश्कान’ झालें. मराठी भाषांतरकारांनीं त्याला ‘निवासमंडप’ असा शब्द योजला, तो फार चांगला साधला आहे. निवास म्हटला कीं स्थैर्य आलें. मंडप म्हटला कीं तो कार्यापुरता घालावयाचा आणि कार्य उरकलें म्हणजे सोडावयाचा. लग्नामुंजींच्या घरांत वाढलेल्या वाचकाला ह्या जोडशब्दांतील विसंगति तत्काळ कळते, आणि ती विसंगतीच ह्या कल्पनेचा प्राण आहे.

मंडपाच्या अगदीं आंतल्या दालनांत कोश होता: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच अशी सोन्यानें मढविलेली पेटी. पेटींत आज्ञांच्या दगडी पाट्या, झांकणावर समोरासमोर पंख पसरलेले दोन करूब, आणि त्या दोहोंच्या मधून देव बोलणार. मधल्या जागेंत मूर्ति नाहीं, कांहींच नाहीं. कोशाला दोन्ही बाजूंनीं कड्या लावून त्यांत दांडे घालावयाचे, आणि ते दांडे केव्हांही काढावयाचे नाहींत, अशी सक्त ताकीद आहे. पालखी खालीं ठेवली तरी दांडी खांद्याच्या उंचीची वाट पाहत असते. तसें हें बिऱ्हाड कायमचें निघण्याच्या तयारींत आहे. ह्या दांड्यांची पुन्हां गांठ पडणार आहे.

हा शेजार मात्र सुखाचा नव्हे. भाविकांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत देवाच्या सान्निध्याचें वर्णन ऊबदार गोधडीसारखें केलेलें असतें; मूळ ग्रंथांत तें विस्तवासारखें आहे. मंडप पुरा होतो तेव्हां मेघ त्याला व्यापतो आणि खुद्द मोशेलाही आंत जातां येत नाहीं. अहरोनाचे दोन मुलगे न सांगितलेला अग्नि घेऊन आंत जातात आणि जळून मरतात. आंतल्या दालनांत मुख्य याजकानें वर्षांतून एका दिवशींच जावयाचें. पुढें दावीद कोश गाडीवरून यरुशलेमास आणीत असतां बैल अडखळतात, उज्जा नांवाचा माणूस सांवरण्यासाठीं हात लावतो आणि जागच्या जागीं मरतो. ह्या गोष्टीनें आमचें मन आजही अस्वस्थ होतें आणि तिचें कोणतेंही समर्थन आम्हांला पटलेलें नाहीं. खुद्द दावीदालाही राग येतो आणि भय वाटतें, असें ग्रंथकारच लिहितो. त्यानें सारवासारव केली नाहीं हें त्याला भूषणावह आहे. पण पुढची गंमत अशी कीं राजानें भिऊन कोश वाटेंतच एका गित्ती म्हणविणाऱ्या, म्हणजे नांवावरून परक्या ठरणाऱ्या, माणसाच्या घरीं ठेवला. तेथें तो तीन महिने राहिला, आणि ओबेद-अदोम नांवाच्या त्या गृहस्थाच्या घराची भरभराट झाली. देव राजवाड्यापेक्षां अशा आडवाटेच्या घरीं सुखानें राहतो, असें सुचविण्याचा लेखकाचा हेतु नसेलही. वाचकाच्या मनांत तो विचार आल्यावांचून राहत नाहीं.

कोशाला हक्काची वस्तु समजण्याची किंमत त्यापूर्वींच एकदां मोजली गेली होती. पलिष्ट्यांशीं लढाई हरली तेव्हां लोकांनीं शिलो येथून कोश रणांगणावर आणला, जणू तो ताईतच. लढाई पुन्हां हरली आणि कोशही शत्रूच्या हातीं गेला. शिलो हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां ह्या सूत्राचा मध्यबिंदु येतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचें सातवें प्रकरण हें आमच्या मतें जुन्या करारांतील गद्याचा एक उत्कृष्ट नमुना आहे. दावीद आतां राजा झाला आहे. देवदारूच्या लांकडाच्या महालांत राहतो. त्याच्या मनांत येतें कीं आपण अशा घरांत आणि देवाचा कोश कनातींत, हें बरें नव्हे. नाथान संदेष्टा तत्काळ होकार देतो. राजाच्या मनांतल्या धार्मिक बेताला दरबारांतून बहुधा होकारच मिळतो. त्याच रात्रीं देव नाथानाला परत पाठवितो. निरोपाचा आशय असा कीं आजवर मी तंबूंतूनच हिंडत आलों. इतक्या वर्षांत मला देवदारूचें घर कां बांधलें नाहीं म्हणून मी कोणाला कधीं विचारलें काय? तूं मला घर बांधणार? मीच तुझें घर बांधीन. हिब्रूंत ‘बयीत’ ह्या एकाच शब्दाचे वास्तु आणि वंश असे दोन्ही अर्थ होतात, आणि सारा संवाद त्या श्लेषावर तोललेला आहे. इंग्रजी वाचकाला हा श्लेष टीप वाचून समजून घ्यावा लागतो. मराठींत घर आणि घराणें हे शब्द शेजारीं शेजारींच असल्यामुळें आपल्याला तो आपोआप कळतो. ह्या उत्तरांत राग नाहीं, थोडी थट्टा आहे. ज्याला आश्रय द्यावयास निघालों तोच आपला आश्रयदाता आहे, हें राजाला हंसत हंसत सांगितलें आहे.

तरीही पुढच्या पिढींत मंदिर झालेंच. देवाची त्याला संमति होती, हें ग्रंथ सांगतो आणि तें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु राजांच्या पहिल्या पुस्तकाचा लेखक ज्या तऱ्हेनें हिशेब मांडतो ती तऱ्हा पाहण्यासारखी आहे. शलमोनानें देवाचें मंदिर ७ वर्षांत बांधलें, असें म्हणून तो सहावें प्रकरण संपवितो. आणि सातव्याच्या पहिल्याच वाक्यांत सांगतो कीं राजाला स्वतःचा महाल बांधावयास १३ वर्षें लागलीं. टीका केलेली नाहीं. आंकडे शेजारीं ठेवले आहेत. मंडपासाठीं लोकांनीं हौसेनें आणून दिलें तें थांबवावें लागलें होतें; मंदिरासाठीं ३०,००० माणसें वेठीस धरून पाळीपाळीनें लबानोनास पाठविलीं. ज्यांच्या पूर्वजांना मिसरांतल्या वेठींतून सोडवून आणलें त्यांच्याच पाठीवर आतां देवाच्या घराचीं लांकडें आलीं.

मंदिर पुरें झाल्यावर शलमोन जी प्रार्थना करतो तींत तो स्वतःच कबूल करतो कीं ज्याला आकाशही पुरत नाहीं त्याला हें घर काय पुरणार! बांधकामाच्या उद्घाटनसमारंभांत यजमानानेंच बांधकामाच्या हेतूविषयीं शंका घ्यावी, असें उदाहरण आमच्या माहितींत दुसरें नाहीं. आणि त्याच प्रकरणांत, कोश आंत ठेवल्याचें सांगतांना, लेखक एक बारीकशी गोष्ट नमूद करतो: दांडे इतके लांब होते कीं त्यांचीं टोंकें आंतल्या दालनासमोरून दिसत. दांडे काढलेले नव्हते. देवदारू आणि सोनें यांच्या त्या भक्कम घरांत बिऱ्हाड अजून बांधाबांध करून तयारच होतें.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मंडपाची बाजू घेऊन मंदिराला केवळ राजाचा डौल ठरविलें तर स्तोत्रसंहितेवर अन्याय होईल. यरुशलेमाची वाट चालणाऱ्या यात्रेकरूंचीं स्तोत्रें त्या संग्रहांत आहेत. ८४ व्या स्तोत्रांत वेदीजवळ घरटें बांधणाऱ्या चिमणीचा एका भक्ताला हेवा वाटतो. ही आर्तता खोटी नाहीं. माणसाला दिशा लागते, उंबरठा लागतो; सगळीकडे असणारा देव पुष्कळांना कोठेंच नसल्यासारखा होतो. अनुवाद ह्या पुस्तकानें ह्यावर एक मध्यम मार्ग काढला: देव स्वतः आकाशांत, आणि मंदिरांत त्याचें नाम राहतें. नामाचें माहात्म्य ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना ह्यावर वेगळा लेख वाचावयास आवडेल. येथें उल्लेख पुरे.

पण उंबरठ्याची सवय झाली कीं धाक जातो. यिर्मयाच्या काळीं यरुशलेमच्या लोकांची अशी समजूत झाली होती कीं हें देवाचें मंदिर आहे तोंवर शहराला धोका नाहीं. बाहेर गरिबांना नाडावें आणि आंत येऊन सुरक्षित व्हावें! सातव्या प्रकरणांत यिर्मया मंदिराच्या दारांतच उभा राहून सांगतो कीं शिलोला जाऊन पाहा, तेथें काय उरलें आहे. त्या एका गांवच्या नांवांत सारा युक्तिवाद आला. त्याला मारून टाकण्याची मागणी झाली, ह्याचें आश्चर्य नाहीं.

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें मंदिर जाळलें. त्याआधींच, इ. स. पूर्व ५९७ मध्यें, राजासह जे लोक बाबेलास नेले गेले त्यांत यहेज्केल नांवाचा एक याजक होता. खबार कालव्याच्या कांठीं त्याला जें दर्शन झालें त्यांतील चाकांचें आणि चार तोंडांच्या प्राण्यांचें वर्णन वाचून लोक गोंधळतात, आणि तें गोंधळविणारें आहेही. पण एक गोष्ट सरळ आहे: देवाच्या आसनाला चाकें आहेत. मंदिराचा याजक व्हावयाचा तो तरुण परमुलुखांत पडला, आणि तेथें त्याला दिसलें कीं देव त्याच्या मागोमाग आला आहे. ८ पासून ११ पर्यंतच्या प्रकरणांत देवाचें तेज मंदिर सोडून जातें. तें एकदम जात नाहीं. आंतून उंबरठ्यापर्यंत येतें, थांबतें; तेथून पूर्वेच्या वेशीपर्यंत, पुन्हां थांबतें; मग शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर. घर सोडतांना मागें वळून पाहणाऱ्या माणसाची ही चाल आहे. कोणी हांक मारील अशी वाट पाहिल्यासारखी. आणि कोणी हांक मारीत नाहीं. दूर गेलेल्यांसाठीं मीच कांहीं काळ त्यांचें पवित्रस्थान झालों आहें, असें मध्येंच तो एका वाक्यांत सांगतो. ह्याच यहेज्केलानें पुढें ४० ते ४८ प्रकरणांत नव्या मंदिराचीं लांबच लांब मापें दिलीं आहेत. तीं आम्हांला निर्गमांतल्या यादीसारखीं जिवंत वाटत नाहींत, कारण तेथें कापड कातणाऱ्या बायका नाहींत. तथापि त्या साऱ्या मोजणीचा शेवट त्या नगराच्या नव्या नांवानें होतो, आणि तें नांव देव तेथें आहे एवढेंच सांगणारें आहे.

ह्या ठिकाणीं विद्वानांच्या एका वादाचा विचार केला पाहिजे. १८७८ सालीं यूलिउस वेलहाउझेन ह्या जर्मन पंडितानें असें मांडलें कीं मोशेचा एवढा भव्य मंडप अरण्यांत कधीं झालाच नव्हता. बंदिवासांतील व त्यानंतरच्या याजक लेखकांनीं शलमोनाच्या मंदिराचें माप निम्मे करून तें कल्पनेनें मोशेच्या काळांत नेऊन ठेवलें. १९४७ सालीं अमेरिकन पंडित फ्रँक मूर क्रॉस यांनीं तंबूची परंपरा पुष्कळ जुनी असल्याचें दाखविण्याचा प्रयत्न केला, आणि वाद अद्याप मिटलेला नाहीं. वेलहाउझेन यांचें म्हणणें खरें ठरलें तर मंडपाच्या प्रकरणांची किंमत कमी होते, असें श्रद्धावान वाचकांस वाटतें. आम्हांला उलट वाटतें. ज्यांचें मंदिर राख झालें, ज्यांचें शहर गेलें, त्या माणसांनीं परक्या मुलुखांत बसून देवाच्या घराची आठवण लिहावयास घेतली, आणि लिहितांना तें घर दगडाचें न करतां कनातीचें केलें. सोडतां येईल, उचलतां येईल, जाळलें तरी पुन्हां बांभळ तोडून उभें करतां येईल असें. मग प्रत्येक कडी दोनदां कां मोजली तें निराळें सांगावयास नको.

इ. स. पूर्व ५१५ मध्यें दुसरें मंदिर पुरें झालें. त्याचा पाया घातला त्या दिवशीं, पहिलें मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानें रडले आणि तरुणांनीं जयघोष केला. दोन्ही आवाज मिसळून कोणता कोणता तें ओळखूं येईना, असें एज्राच्या पुस्तकांत लिहिलें आहे. ह्या मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वर्णनांत मेघ उतरल्याचा उल्लेख नाहीं. आंतल्या दालनांत कोशही नव्हता. इ. स. पूर्व ६३ मध्यें रोमन सेनापति पाँपी यरुशलेम जिंकून त्या दालनांत शिरला, तेव्हां त्याला तेथें कोणत्याही देवाची मूर्ति आढळली नाहीं. जागा रिकामी होती.

नव्या करारांत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीं म्हणतो कीं देवाचा शब्द देहधारी होऊन माणसांत राहिला. राहिला ह्या अर्थीं त्यानें जें ग्रीक क्रियापद घातलें आहे त्याचा मूळ अर्थ तंबू ठोकला असा होतो. आणि त्या ग्रीक शब्दांतील व्यंजनें हिब्रू ‘शाखन’च्या व्यंजनांशीं जुळतीं आहेत, हेंही त्याच्या कानाला जाणवलें असावें. मराठींत ह्या ठिकाणीं वस्ती करणें असा प्रयोग रूढ आहे. त्यांत तंबू हरवतो, अशी तक्रार करण्याच्या विचारांत आम्ही होतों. पण वस्ती ह्या शब्दाचें दुसरें अंग आठवलें. गांवची वस्ती जशी कायमची, तशी वाटसरूची वस्ती एका रात्रीची; सकाळीं उठून तो पुढें जातो. निवासमंडपांतली विसंगति ह्या एका देशी शब्दांत आपोआप आली आहे. भाषांतरकाराच्या ध्यानांत हें होतें कीं नाहीं कोण जाणे, भाषेच्या होतें.

योहानापाशीं यहुदी आणि ख्रिस्ती वाचकांच्या वाटा फुटतात, आणि टीकाकारानें त्या बळेंच एकत्र आणूं नयेत. ख्रिस्ती वाचक म्हणतो कीं मंडप पुन्हां उभा राहिला तो एका माणसाच्या देहांत. यहुदी वाचकाला हें मान्य नाहीं. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें दुसरें मंदिरही जाळल्यावर यहुदी आचार्यांनीं त्याच ‘शाखन’ धातूपासून ‘शेखिना’ हा शब्द रूढ केला. तो हिब्रू बायबलांत नाहीं. देवाचें सान्निध्य असा त्याचा अर्थ; आणि आपले लोक जेथें जेथें हद्दपार झाले तेथें तेथें शेखिना त्यांच्याबरोबर गेली, अशी त्या आचार्यांची शिकवण होती. बगदादहून निघालेल्या ससून यांच्या इमारतीला तंबू हें नांव कां शोभलें, तें आतां वाचकांच्या लक्षांत येईल.

ख्रिस्ती बायबलाचें शेवटचें पुस्तक प्रकटीकरण. त्यांतील पुष्कळसा भाग आमच्या रुचीला मानवत नाहीं. रक्तपात फार आणि गोंगाट फार. पण २१ व्या प्रकरणांत एक नगर स्वर्गांतून खालीं उतरतें, आणि पुन्हां कोणी मोजपट्टी घेऊन निघतें. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकीं १२,००० स्तादे, म्हणजे दोन हजार किलोमीटरांच्या वर. एवढें उंच शहर असूं कसें शकेल, म्हणून लोक हंसतात. निर्गमांतलीं आणि राजांच्या पुस्तकांतलीं मापें ज्यानें उलटून टाकलीं नाहींत त्याला मात्र ह्या घनाकृतीची ओळख पटते. मंडपाचें आंतलें दालन चहूंबाजूंनीं दहा हात, उंचीही दहा हात. शलमोनाच्या मंदिराचें तेंच दालन वीस हात, उंचीही वीस. जेथें वर्षांतून एकदां एकच माणूस भीत भीत जात असे तें दालन वाढत वाढत सारें नगर झालें आहे. त्या नगरांत मंदिर दिसलें नाहीं, असें लिहिणारा मुद्दाम सांगतो. त्याच्या वेशी बारा आहेत, चारी दिशांना तीन तीन, आणि त्या कधीं लावल्या जात नाहींत.